कडुनिंबाच्या पाण्याने गोचिडी मरतच नाहीत, माझं काही चुकतंय का?

गोठ्यातली थोरली (प्रश्न)

नमस्कार. चार संकरित गाई, एक म्हैस, दोन कालवडी आणि दीड महिन्याचं वासरू, एवढा माझा पसारा. म्हशीचं काही म्हणणं नाही, पण गाईंवर गोचिडींनी उच्छाद मांडलाय. हरणीच्या कासेमागे, जांघेत, गळ्याच्या पोळीखाली हात फिरवला की खडे लागावेत तशा लागतात. धार काढताना ती आता पाय झाडते, आणि मी तिला दोष देत नाही.

मागच्या वर्षी औषध फवारत होते. पहिल्या खेपेला दुसऱ्या दिवशी झाडूने लोटाव्यात इतक्या पडल्या. पुढच्या खेपेला निम्म्या. नंतर नंतर तर औषधाने न्हाऊन निवांत रक्त पीत बसायच्या. वर दूध किती दिवस बाजूला ठेवायचं ही कटकट वेगळीच. म्हणून ठरवलं, आता झाडपाला करून बघू.

कडुनिंबाचा पाला तासभर उकळला. पाणी काळपट हिरवं झालं, गार करून गाळलं आणि पंपाने चारही गाईंवर मारलं. सगळं मिळून पाच-सहा लिटर असेल. सकाळी मारलं, संध्याकाळी बघितलं तर एक मेलेली असेल तर शपथ. एक तर हरणीच्या मांडीवरून चालत होती, अगदी ऐटीत. चार दिवसांनी परत मारलं, परत तेच.

तर हे अर्क खरंच चालतात, की नुसतं मनाचं समाधान? चालत असतील तर कोणत्या झाडाचा, किती, किती दिवसांनी? आणि तांबू सात महिन्यांची गाभण आहे, तिला चालेल का?

बांधावरचा

ताई, कडुनिंब सोडा. तंबाखू रात्रभर भिजत घाला, सकाळी ते पाणी अंगावर चोळा. दोन तासांत पटापट गळतात. आमचे आजोबा हेच करायचे.

जुना पर्यवेक्षक

बांधावरच्या दादा, आजोबांचा मान राखून सांगतो, हे करू नका. गोचिडी गळतात हे खरं, कारण निकोटीन हे विषच आहे. पण ते कातडीतून जनावराच्याही अंगात जातं आणि चोळणाऱ्याच्या तळहातातूनही. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्या मजुरांना त्यानेच मळमळ, चक्कर, उलट्या होतात. अंगावर ओरखडे असलेल्या एका वासराला असं पाणी चोळल्यावर लाळ गाळत थरथरताना मी पाहिलंय. ते वाचलं, पण त्या रात्री मला झोप नव्हती.

थोरल्या ताई, तुमच्या प्रश्नाला लांबण लागेल, बसा जरा. तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली, आणि निवृत्त झाल्यावर गोचिडी डबीत घालून बसायचा छंद लागला. घरचे माझ्यापासून दोन हात लांब जेवतात.

आधी तुमचं काय चुकलं ते. कडुनिंबात कामाचा जो मुख्य घटक, अझाडिरॅक्टिन, तो बियांच्या गरात भरपूर असतो, पानांत फारच कमी. तो उष्णतेने मोडतो, कडक उन्हात मोडतो आणि सोड्यासारख्या अल्कली पाण्यातही मोडतो. तुम्ही कमी माल असलेला पाला घेतला, तासभर उकळला आणि सकाळी मारून दिवसभर उन्हात वाळवला. त्यात गाईला वाट्याला आलं जेमतेम दीड लिटर. मोठी गाय कातडीपर्यंत भिजायची तर चार-पाच लिटर लागतात. वरून केस ओले दिसतात आणि खाली गोचीड कोरडी बसलेली असते.

पण हे सगळं बरोबर केलं असतं तरी संध्याकाळी मेलेल्या गोचिडी दिसल्या नसत्याच. अझाडिरॅक्टिन नसांवर घाव घालणारं विष नाही. ते गोचिडीच्या कात टाकण्यात आणि अंडी घालण्यात मोडता घालतं, भूक मारतं. ज्या मादीवर अर्क नीट बसला ती आठवडाभर जिवंत राहील, चालेलसुद्धा, पण अंडी कमी घालेल, घातली तरी त्यातली बरीच वांझ निघतील. म्हणून निंबोळीचा हिशेब मढ्यांवरून करायचा नाही, अंड्यांवरून करायचा. पहिल्याच दिवशी खाली पाडणारा अर्क कुणी दिला, तर त्यात आणखी काय घातलंय ते मी आधी विचारेन.

तुमच्या गाईंवर बहुधा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस नावाची जात असावी, पूर्वी तिला बूफिलस म्हणत. ती एकाच जनावरावर सगळं आयुष्य काढते. गवताच्या शेंड्यावर दबा धरून बसलेलं सहा पायांचं पिल्लू गाईवर चढतं, तिथेच दोनदा कात टाकतं, आठ पायांचं होतं, आणि साधारण तीन आठवड्यांत मादी रक्ताने टम्म फुगून खाली पडते. बहुतेक रक्त ती शेवटच्या दिवसा-रात्रीतच ओढते आणि शक्यतो सकाळच्या प्रहरी गळते. मग ओलसर सावलीत, कचऱ्याखाली, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. एका मादीची दोन-तीन हजार. हरणीच्या एका जांघेतल्या सगळ्यांचा गुणाकार तुम्हीच करा.

यातून फवारणीची वेळ आपोआप निघते. सकाळी गळून जायच्या आत फुगत्या मादीला गाठायचं तर आदल्या संध्याकाळी मारायचं. ऊनही टळतं. आणि तीन आठवड्यांच्या चक्रात एकही फळी सुटू नये म्हणून दर सात-आठ दिवसांनी, निदान सहा आठवडे. दोनदा मारून सोडलं तर पहिलं पाणी फुकट.

कृती सांगतो. निंबोळ्या सावलीत वाळवलेल्या हव्यात, बुरशी आलेल्या नकोत. टरफल काढून आतला गर जाडसर कुटायचा. लिटरभर गार पाण्याला ५० ग्रॅम गर, फडक्यात बांधून रात्रभर भिजत घालायचा, सकाळी पुरचुंडी पिळून पिळून पाणी दुधासारखं करायचं, दोनदा गाळायचं, नाहीतर पंपाचं तोंड बुजतं. संध्याकाळपर्यंत भांडं सावलीत झाकून ठेवा. मारायच्या वेळी थोडा सौम्य साबण विरघळवा, नाहीतर पाणी केसांवरून मोत्यासारखं ओघळून जातं. कपडे धुण्याचा सोडा नको. उरलेलं ठेवू नका, त्याच दिवशी संपवा.

पहिल्यांदा तळहाताएवढ्या जागेवर लावून एक दिवस थांबा. डोळे, नाकपुड्या, जखमा आणि सड सोडून द्या, धारेआधी कास धुवा, नाहीतर दुधाला वास लागतो. तांबूच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करा, आणि तिला कडुनिंबाचं तेल किंवा अर्क पाजायचा नाही म्हणजे नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत त्या तेलाने गर्भाला अपाय झालेला आहे. वासराला फवारू नका, हाताने वेचा.

आता घरच्या घरी खात्री कशी करायची. सकाळी दावणीखाली पडलेल्या टम्म माद्या वेचा, हातमोजा घालून, बोटांनी चिरडायच्या नाहीत. गोचिडींच्या काही जाती माणसालाही रोग देतात. तीस मिळाल्या की दहा-दहाचे तीन गट करा. एक साबणाच्या साध्या पाण्यात, एक तुमच्या उकळलेल्या पाल्याच्या पाण्यात, एक निंबोळीच्या अर्कात, पाच-पाच मिनिटं बुडवा. टिपकागदावर टिपून तीन डब्यांत ठेवा, तोंडाला घट्ट विणीचं फडकं बांधा, शेजारी ओला बोळा, डब्या सावलीत. मग रोज नुसतं बघायचं. प्रयोगशाळेतही अर्क असेच तपासतात, फक्त त्यांच्याकडे काचेची भांडी आणि तराजू असतो.

जाता जाता, फुगलेली मादी नीट बघा, हुबेहूब एरंडाची बी. एरंडाच्या शास्त्रीय नावातला 'रिसिनस' हा लॅटिन शब्द मुळात गोचिडीचाच आहे.

शेळ्यांचा कळप

काका, सीताफळाच्या बियांचं कुणीच काढलं नाही? शेळ्यांवर मी तेच वापरायचो. बिया कुटून तेलात मुरवायच्या आणि कानात, शेपटीखाली लावायचं. गोचिडीच नाहीत, उवाही जायच्या.

वापरायचो म्हणतोय कारण बंद केलंय. एकदा कुटताना पूड उडाली, डाव्या डोळ्यात गेली. आधी नुसती खाज, अर्ध्या तासात डोळा उघडेना. रात्रभर वाटत होतं डोळ्यात काच आहे. डॉक्टर म्हणाले बुबुळावर ओरखडे पडलेत, पाण्याने लगेच धुतलंत म्हणून थोडक्यात निभावलं. पंधरा दिवस काळा चश्मा लावून शेळ्या राखल्या, गावभर हसं झालं ते वेगळंच.

जुना पर्यवेक्षक

कळपवाले दादा, बरं केलंत लिहिलंत. सीताफळाच्या बियांतले असिटोजेनिन पेशीचा श्वासच बंद करतात, म्हणून ते इतकं जालीम. डोळ्याला मात्र ते भयंकर. कुटायचंच असेल तर चश्मा लावून आणि ओलं करून कुटा, आणि शेळ्यांच्या तोंडाजवळ नको, त्या चाटतात. माझा कल नाहीच वापरायकडे.

'झाडाचं आहे म्हणजे निर्धोक' हा समज इथे बऱ्याच जणांचा दिसतो. शेवंतीच्या भाऊबंदांपैकी एका फुलातून पायरेथ्रिन हे किडे मारणारं विष निघतं, डेरिस नावाच्या वेलीच्या मुळांतून रोटेनोन. दोन्ही अस्सल झाडाची, आणि दोन्ही तळ्यात सांडली तर मासे उलटे तरंगतात. आणखी एक गंमत: पायरेथ्रिनच्या नकलेवरूनच पायरेथ्रॉइड गटातली फवारणीची औषधं बनली. दोन्हींचा घाव नसेच्या एकाच जागी. त्यामुळे थोरल्या ताईंची गोचीड पायरेथ्रॉइडला निर्ढावली असेल, तर फुलाचा अर्कही तिच्यावर कमीच चालेल. निंबोळीचा रस्ताच वेगळा, म्हणून तिथे आशा आहे.

रानवाट

करंजाचं तेल, निलगिरी, गवती चहाचं तेल यांबद्दल कुणाचा अनुभव? मी गवती चहाचं तेल थेट गाईच्या पाठीला चोळलं, तर कातडी लाल होऊन खपली धरली. गोचिडी मात्र दोन तास जवळ फिरकल्या नाहीत.

जुना पर्यवेक्षक

थेट चोळलंत! सुगंधी तेल नुसतं कधीच लावायचं नाही, ते भाजतं. दुसऱ्या साध्या तेलात थेंबांच्या हिशेबाने मिसळायचं. ही तेलं मुख्यतः पळवून लावणारी, आणि उडून जाणारी. तुमचे दोन तास अगदी बरोबर आहेत, मीही त्याहून फार जास्त धरत नाही. चरायला सोडण्याआधी पायांना आणि पोटाखाली लावली तर पिल्लू चढायला कचरतं, एवढाच उपयोग. अंगावर आधीच रुतून बसलेलीला वासाचं काही पडलेलं नसतं.

करंज त्यापेक्षा कामाचं. तेल जड असतं, अंगावर टिकतं, त्यात करंजिन नावाचा घटक असतो आणि गोचिडीची श्वासाची छिद्रं तेलाने बुजतात. कानाच्या पाळीत, शेपटीच्या बुडाशी, जिथे पंप पोहोचत नाही तिथे बोळ्याने लावायला मी तेच ठेवतो. अख्ख्या अंगाला तेल चोपडून गाय उन्हात बांधू नका, होरपळते.

गोठ्यातली थोरली

काका, डब्या मांडल्या. माद्या वेचायला गेले तर दावणीखालच्या एका फरशीच्या सांध्यात वीस-बावीस मिळाल्या, म्हणजे ही सगळी फौज माझ्या पायाखालीच होती.

आज नववा दिवस. साध्या पाण्याच्या डबीत दहाच्या दहांनी अंडी घातलीत, प्रत्येकीच्या तोंडापुढे तपकिरी, चकचकीत, एकमेकांना चिकटलेला ढीग. मी भिंगातून बघितलं, ती डोक्याच्या बाजूने एकेक अंडं घोळवून मागे सरकते. किळस आली आणि बघतही राहिले. उकळलेल्या पाल्याच्या डबीत नऊ जणींची तीच तऱ्हा. म्हणजे तासभर गॅस जाळून मी त्यांना आंघोळ घातली.

निंबोळीच्या डबीत पाचव्या दिवसापर्यंत सगळ्या जिवंत होत्या, मी जवळजवळ नाद सोडला होता. आता तीन काळ्या पडून मेल्यात, तिघींनी काहीच घातलेलं नाही, आणि चौघींनी घातलंय ते थोडंसं, कोरडं, वाळूसारखं सुटं. हे सुटं का?

दुसरं असं की माद्या वेचताना दोन वेगळ्याच दिसल्या. तांबूस, पायांवर पांढरट पट्टे, आणि भलत्या पळतात.

जुना पर्यवेक्षक

अंडी बाहेर येताना मादी त्यांना मेणासारखा लेप लावते, त्याने ती चिकटतात आणि वाळत नाहीत. लेप नीट बसला नाही की सुटी, कोरडी पडतात आणि बहुतेक फुटतच नाहीत. हेच बघायचं होतं. डबी ठेवा, अजून तीन-चार आठवड्यांनी पिल्लं निघतात की नाही ते कळेल.

पट्टेवाल्या पायांच्या त्या हायलोमा. त्यांच्यावरून थोडं गंभीर बोलतो. ती जात एका जनावरावर मुक्काम करत नाही. मध्ये उतरते, भिंतीच्या भेगेत कात टाकते, पुन्हा दुसऱ्यावर चढते. तिला तीन आठवड्यांचा हिशेब लागू नाही आणि अंगावरच्या फवाऱ्याने ती आटोक्यात येत नाही. भेगा खरवडून लिंपून बंद करा, फरशीचे सांधे भरा, खालचं शेण-गवत रोज उचला. मातीच्या भिंतीवर अर्क मारणं म्हणजे मातीला पाजणं.

हायलोमा थायलेरिया हा रक्तातला परजीवी पसरवते, आणि संकरित गाय त्याला चटकन बळी पडते. मायक्रोप्लसकडून बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा, हेही रक्तातलेच रोगजंतू. गोचीड रोग पसरवते हे टेक्सासच्या गुरांच्या तापावर काम करताना थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी १८९३ साली दाखवून दिलं, तोच हा बबेसिया. तर गाईला ताप चढला, खांद्यापुढची गाठ सुजली, लघवी तांबडी झाली, डोळ्याची आतली कड पांढरी पडली, यातलं काहीही दिसलं तर अर्क बाजूला ठेवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर. तिथे झाडपाला करत बसून गमावलेल्या गाई मी मोजल्यात, आकडा सांगत नाही.

आणि अंगावरच्याही मोजा. सकाळी धारेआधी गाईची एकच बाजू, मानेपासून शेपटीपर्यंत, साडेचार मिलिमीटरहून मोठ्या फुगलेल्या तेवढ्याच मोजायच्या आणि दुप्पट करायचं. नुसतं 'कमी वाटतात' लिहिलंत तर मी उत्तर देणार नाही.

बांधावरचा

काका, तंबाखूचं सोडलं. पण चरायला जाणाऱ्या जनावरांचं काय? आमची दिवसभर रानात असतात. संध्याकाळी फवारून सकाळी परत त्याच गवतात.

जुना पर्यवेक्षक

मग अर्कावर सगळी भिस्त ठेवू नका. पिल्लं गवतावर उपाशी राहूनही कित्येक आठवडे, गारव्यात तर महिनोन्महिने तग धरतात. तो तुकडा मोकळा ठेवून दुसरीकडे चारता आलं तर उत्तम, पण सगळ्यांकडे तेवढं रान नसतं, मला माहीत आहे. स्टायलो नावाचा शेंगवर्गीय चारा लावून बघा. त्याच्या देठावर चिकट लव असते, गोचिडीचं पिल्लू चढताना त्यात अडकून पडतं. जनावरं तो आवडीने खातात. हाही एका परीने झाडाचाच उपाय, पंप न लागणारा.

गोठ्यातली थोरली

सहा आठवडे झाले, आकडे घ्या काका. हरणीची डावी बाजू: सुरुवातीला ३२, तीन आठवड्यांनी २१, आज ९. दुप्पट तुम्हीच करा. मधल्या एका आठवड्यात निंबोळी संपली म्हणून चुकवलं, तेव्हा पुन्हा २६ वर गेल्या होत्या, तेही लिहिते. तांबूला डॉक्टरांनी हातानेच वेचायला सांगितलं, तिच्यावर अर्क मारला नाही, तिच्या १९ च्या १७ झाल्यात. कालवडींचं मोजायचं राहिलं. फरशीचे सांधे भरले, भिंत लिंपली, पट्टेवाल्या आता क्वचित दिसतात, पण ते अर्काने की सिमेंटने हे मला विचारू नका.

पूर्ण गेल्यात का? नाहीत. हरणी पाय झाडत नाही, मला तेवढं पुरे. डॉक्टरांनी सुचवलंय की फारच वाढल्या तर गोचिडी ज्याला निर्ढावल्यात ते सोडून वेगळ्या गटातलं औषध एकदा मारायचं, तोवर निंबोळी. मला पटलं.

डब्यांचं: निंबोळीच्या डबीत बोटावर मोजण्याएवढी पिल्लं. साध्या पाण्याच्या डबीची भिंत आतून हलतेय असं वाटतंय, इतकी.

जुना पर्यवेक्षक

तांबूचा आकडा लिहिलात ते फार चांगलं केलंत, त्याच्याशिवाय हरणीच्या आकड्याला अर्थ नव्हता. साध्या पाण्याची डबी फडक्यासकट उकळत्या पाण्यात बुडवा. आधी फडकं सोडून बघू नका.

गोठ्यातली थोरली

सोडलं होतं. मनगटावरच्या झाडतेय अजून.